‘ड्रॉ आला की रेज’ म्हणणाऱ्यांनी आधी 19 आणि 35 मधला फरक सांगावा

सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरणारा पोकरचा मेसेज आता माझ्या भाच्यापर्यंत पोचलाय: “फ्लश ड्रॉ आला की डोळे झाकून रेज. 35 टक्के हमखास. कॉल करतो तो घाबरट. टर्नवरही हेच.” (फ्लश ड्रॉ म्हणजे एकाच रंगाचे, सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक असे, चार पत्ते जमलेले; पाचवा आला की फ्लश. रेज म्हणजे समोरच्याने लावले त्याहून जास्त लावणं, कॉल म्हणजे तेवढेच लावणं. मधे उघडे पडणारे पहिले तीन पत्ते फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा रिव्हर.) हुरडा पार्टीत चिप्स मांडून बसणारी पोरं हे पाठ करतायत, म्हणून लिहावं लागतंय.

सगळ्यात घातक ते ‘35 टक्के हमखास’. 52 मधून हातातले दोन आणि फ्लॉपचे तीन गेले की न दिसलेले पत्ते 47, त्यात तुमच्या रंगाचे 9. पुढच्या एका पत्त्यावर फ्लश लागण्याची शक्यता 19 टक्के. 35 होतात ते टर्न आणि रिव्हर दोन्ही बघायला मिळाले तर. ऑल-इन केल्यावर, म्हणजे जवळच्या सगळ्या चिप्स लावल्यावर, दोन्ही मिळतात, हे मान्य. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच, तेही अर्धं. कारण पुढचा हिशेब कुणी करत नाही. पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, 1,000, समोरच्याने 500 लावले, तुम्ही 2,500 ची ऑल-इन मारली. त्याने फोल्ड केलं, म्हणजे पत्ते टाकले, तर 1,500 तुमचे. कॉल केला तर पॉट 6,000. त्याचे 35 टक्के 2,100, तुम्ही घातलेत 2,500. सरासरी 400 चा खड्डा. तो खड्डा भरायला समोरचा पाचातून एकदापेक्षा थोडा जास्त वेळा फोल्ड करणारा हवा. त्याच्याकडे सेट (एकाच आकड्याचे तीन पत्ते) असेल तर तुमचे 35 चे 25 च्या आसपास येतात, आणि सेटवाला फोल्ड करत नसतो.

सेमी-ब्लफची, म्हणजे पत्ता लागण्याआधीच रेज करून दबाव टाकण्याची, कल्पना नीट मांडली पोकरवर लिहिणाऱ्या डेव्हिड स्क्लान्स्कीने, आणि तिचं मर्मच दोन वाटांत आहे: समोरचा आत्ताच सोडेल, किंवा पुढे तुमचा पत्ता लागेल. हातात जोडी आली की शेवटपर्यंत न सोडणाऱ्यापुढे पहिली वाट बंद. तिथे मोठा रेज म्हणजे त्याला आयता पॉट.

कॉल करणारा घाबरट? त्याच डावात 500 घातले की पॉट 2,000, म्हणजे कॉलला 25 टक्के लागतात, आहेत 19. म्हणजे फ्लश लागल्यावर त्याच्याकडून सरासरी आणखी 600 च्या वर निघायला हवेत. त्याच्यापुढे 2,000 उरलेत, बोलायची पाळी तुमची नंतर आहे आणि रंगाचा एक्का तुमच्या हातात आहे, तर शांतपणे कॉल करा. उलट त्याच्यापुढे 300 च उरले असतील आणि तो जोडीवर असेल, तर ऑल-इनच बरोबर: 500 आणि 300 मिळून 800 घालून 2,600 चे 35 टक्के, म्हणजे 910.

‘टर्नवरही हेच’ साफ चूक. तिथे पत्ता एकच उरतो, 46 पैकी 9. ऑल-इन मारून दुसरा पत्ता येत नाही.

आणि ते नऊ पत्ते तरी सगळे कामाचे कुठे? सत्ती-छक्कीचा फ्लश मोठ्या फ्लशखाली दबतो. बोर्डवर, म्हणजे मधल्या उघड्या पत्त्यांत, जोडी असेल तर फुल हाउसखाली (एका आकड्याचे तीन, दुसऱ्याचे दोन).

डोळे उघडे ठेवून रेज करायचा हात असा: हातात बदाम गुलाम-दश्शी, फ्लॉपवर बदाम नव्वी, बदाम तिर्री, इस्पिक अठ्ठी. नऊ बदाम, शिवाय बदाम सोडून तीन राण्या, तीन सत्त्या, कारण अठ्ठी-नव्वी-दश्शी-गुलामाला राणी किंवा सत्ती जोडली की ओळीने पाच पत्ते होतात. पंधरा पत्ते, एक्क्यांच्या जोडीपुढेही दोन पत्त्यांत 50 टक्क्यांच्या वर. इथे कॉल आला तरी घाबरायचं कारण नाही.