ट्रेडमार्कच्या नावाने येणारा तो फोन सरकारी नसतो

गोव्यातल्या घरगुती उद्योगवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. "ट्रेडमार्कचा अर्ज केलेल्यांनी लक्ष द्या" अशी सुरुवात आणि तळाला "आपल्या सर्व उद्योजक बंधू-भगिनींना पाठवा". मजकूर थोडक्यात असा: ट्रेडमार्कचा, म्हणजे आपल्या ब्रँडचं नाव नोंदवून घ्यायचा, अर्ज केल्यावर मुंबईच्या ट्रेडमार्क ऑफिसातून फोन येतो, तो चुकवू नका. समोरच्याने तुमचा अर्ज क्रमांक बरोबर सांगितला तर तो खरा अधिकारी समजा. तुमचंच नाव दुसऱ्या कुणी मागितलेलं असतं, २४ तासांत फी भरली नाही तर नाव त्याला जातं. सर्टिफिकेटची फी वेगळी. एकाच वर्गात (म्हणजे मालाच्या एकाच प्रकारासाठी) केलेला अर्ज अपुरा. नोंदणी झाल्याशिवाय नाव वापरणं गुन्हा. आणि भरलेले पैसे नंतर परत मिळतात.

हा मेसेज माझ्या वहिनींना त्यांच्या स्वयंसाहाय्य गटातल्याच एका बाईंनी काळजीपोटी पाठवला. त्याच आठवड्यात त्यांना तसा फोन आला. वहिनी वाळपईजवळ आमसुलं, आगळ आणि काजूगर करून विकतात. फोनवरच्या माणसाने नाव, पत्ता, अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख असं सगळं बरोबर सांगितलं आणि १५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७०० रुपये संध्याकाळच्या आत मागितले. "भावजी, भरू का?" असं विचारायला त्यांनी मला फोन केला म्हणून पैसे वाचले. अनोळखी नंबर त्या एरवी उचलत नाहीत. हा उचलला, कारण मेसेजने उचलायला सांगितलं होतं. फसवणाऱ्याचं अर्धं काम त्या फॉरवर्डनेच करून ठेवलं होतं, याचा मला राग आहे. मी फोंड्यात लहान दुकानदारांची रिटर्नं, परवाने आणि असलेच ऑनलाइन अर्ज भरून देतो, त्यामुळे या मेसेजमधलं काय खरं आणि काय खोटं ते नीट सांगणं मला भाग आहे.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेतो: "अर्ज क्रमांक बरोबर सांगितला तर तो खरा अधिकारी."

ट्रेडमार्कचा अर्ज ही गुप्त गोष्ट नाहीच. ती उघडी असावी अशीच कायद्याची रचना आहे, कारण एखाद्या नावावर कुणाला हरकत घ्यायची असेल तर ते नाव कुणी, कधी, कशासाठी मागितलंय हे त्याला कळलं पाहिजे. आयपी इंडिया या ट्रेडमार्क खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर अर्जाचं पान कुणालाही उघडता येतं. अर्जदाराचं नाव, पत्ता, अर्जाची तारीख, मालाचा वर्ग, लेबलचं चित्र, अर्ज भरून देणाऱ्या एजंटचं नाव आणि अर्ज आज कुठल्या टप्प्यावर आहे, हे सगळं तिथे दिसतं. शिवाय दर सोमवारी ट्रेडमार्क जर्नल निघतं, त्यात स्वीकारलेले अर्ज नावा-पत्त्यासह छापलेले असतात. ज्याला फसवायचं आहे त्याला तयार यादी तिथेच मिळते.

मोबाइल नंबर कुठून मिळाला, हा वहिनींचा पुढचा प्रश्न होता. मी त्यांच्याच आगळाची बाटली हातात घेतली. लेबलवर ग्राहक तक्रारीसाठी म्हणून त्यांचा नंबर छापलेला आहे. तो हौसेने छापलेला नाही, पॅकबंद मालावर संपर्काचा नंबर देणं वजन-मापाच्या नियमांनी बंधनकारकच आहे. म्हणजे नाव-पत्ता सरकारी पानावर, नंबर बाटलीवर. त्यात ज्यांचं इन्स्टाग्रामवर दुकान आहे, त्यांचा नंबर शोधायला मिनिटही लागत नाही.

एक गोष्ट तर तिथल्या तिथे सापडली. अर्ज भरताना एजंटने वहिनींच्या वाड्याचं नाव चुकीचं टाकलं होतं. फोनवरच्या माणसाने पत्ता सांगताना तेच चुकीचं नाव घेतलं होतं, वहिनींना ते आठवत होतं. तो समोर उघडलेलं पान वाचत होता. क्रमांक माहीत असण्याचा अर्थ एवढाच की त्याने ते पान उघडलं.

फोन करणाऱ्याच्या व्हॉट्सअॅपवरचा अशोकस्तंभही पुरावा नव्हे: डीपीवर तो लावायला कुणाची परवानगी लागत नाही आणि ट्रूकॉलरवर दिसणारं "ट्रेडमार्क ऑफिस" हे नाव लोकांनीच दिलेलं असतं. हा प्रकार फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. अमेरिकेचं पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालय आपल्या अर्जदारांना बजावतं की फोनवर आमचा नंबर दिसला तरी विश्वास ठेवू नका, नंबर बनावट दाखवता येतो, आणि आम्ही फोनवर, मेसेजवर किंवा ई-मेलवर पैशांचे तपशील मागत नाही. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने तर अर्जदारांना जाणाऱ्या खोट्या बिलांबद्दल इशारा देणारं वेगळं पानच ठेवलंय.

गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, हे मेसेजमध्ये बरोबर आहे. अँटॉप हिलला ते ऑफिस आहे, आणि फोनवरचा माणूसही अँटॉप हिलचंच नाव घेतो. पण ते ऑफिस कळवतं ते लेखी: ई-मेलवर, आणि त्याची प्रत त्याच अर्जाच्या पानावर चढते. एजंटमार्फत अर्ज केला असेल तर पत्रव्यवहार एजंटच्या पत्त्यावर होतो. सुनावणी असली तर तिचीही नोटीस येते. जे पत्र अर्जाच्या पानावर नाही, ते ऑफिसचं नाही असंच समजून चाला.

आता ते २४ तास.

ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे, आताचे नियम २०१७ चे. त्यातल्या ज्या मुदती अर्जदाराला लागू पडतात त्या अशा: परीक्षण अहवाल (खात्याच्या परीक्षकाने अर्ज तपासून काढलेल्या शंका) आला की उत्तर द्यायला ३० दिवस, जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर इतरांना विरोध करायला ४ महिने, विरोधाची नोटीस मिळाल्यावर आपलं म्हणणं मांडायला २ महिने. "आज संध्याकाळपर्यंत" असली मुदत त्यात कुठेही नाही.

दुसऱ्याने तुमचं नाव मागितलं तर काय होतं? तो आपला अर्ज भरतो, बस्स. त्याच्या अर्जाबद्दल तुम्हाला फोन करून "तुम्ही किती देता" असं विचारणारी कुठलीही पद्धत नाही. उलट तुमचा अर्ज आधीचा असेल तर त्याच्या परीक्षण अहवालात तुमचाच अर्ज आडवा येतो, कलम ११ त्यासाठीच आहे. आणि समजा तुम्ही अर्जच केलेला नाही, पण नाव वर्षानुवर्षं तुम्ही वापरताय, तरी कलम ३४ आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क राखतं. म्हणून जुनी बिलं, लेबलं, जत्रेतल्या स्टॉलच्या पावत्या, चतुर्थीच्या बाजारातले फोटो जपून ठेवा. वेळ आली तर तेच पुरावे उपयोगी पडतात. एका रात्रीत नाव हिसकावून घेता येत नाही.

याच धमकीची एक स्थानिक आवृत्तीही ऐकली: "फेणी, खाजें, बेबिंका ही नावं बाहेरचे लोक घेतायत, लवकर आपल्या नावावर करून घ्या." ही नावं कुणा एकाच्या नावावर होत नाहीत. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचा मिळून असलेला जीआय टॅग, मिळालं, खाजें आणि बेबिंकाही त्या यादीत आहेत. तो कायदा वेगळा आणि त्याचं कार्यालय चेन्नईला. ट्रेडमार्क तुमच्या स्वतःच्या ब्रँडचा होतो, पदार्थाच्या नावाचा नाही.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागते, जरी त्या मेसेजचं श्रेय वाढवायची माझी इच्छा नाही. मुदत चुकली की अर्ज मरतो, हे खरं आहे. परीक्षण अहवालाला ३० दिवसांत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. वहिनींच्या अर्जाचं पान उघडलं तेव्हा त्यावर "ऑब्जेक्टेड" असं दिसलं, म्हणजे परीक्षकाने शंका काढलेली होती आणि खरी मुदत चालू होती. एजंटने त्यांना ते कळवलंच नव्हतं. खोट्या मुदतीने घाबरवणारे फोन करत होते आणि खऱ्या मुदतीबद्दल कुणी बोलत नव्हतं. फोनवाले नेमके याच टप्प्यावरचे अर्ज निवडतात, कारण पानावरचा तो शब्द बघून माणूस दचकतो. प्रत्यक्षात ती खात्याने काढलेली शंका असते, तिसऱ्या माणसाने केलेला विरोध नव्हे. तिसऱ्याने विरोध केला तर पानावर "अपोज्ड" लिहून येतं. वहिनींचं उत्तर आम्ही मुदतीत भरलं. त्या उत्तराला सरकारी फी काहीच नाही.

फीचा मुद्दा निघालाच आहे तर २०१७ च्या नियमांची पहिली अनुसूची उघडा. इतर कुणाचं काही ऐकू नका, माझंही नको, तो तक्ता वाचा. त्यात प्रत्येक फी ओळीने दिलेली आहे. ऑनलाइन अर्ज: व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. कुणी विरोध केला तर आपलं म्हणणं मांडायची फी ऑनलाइन २,७००. दहा वर्षांनी नूतनीकरण ९,०००. "नाव राखून ठेवण्याची फी" अशी ओळ त्या तक्त्यात नाही. नोंदणी झाल्यावर मिळणाऱ्या पहिल्या सर्टिफिकेटचीही फी नाही, ते अर्जाच्या फीतच धरलेलं असतं. काम लवकर व्हावं म्हणून जादा फी भरायची सोय आहे, व्यक्तीला २०,००० रुपये, पण तो अर्ज आपण आपल्या मर्जीने करायचा असतो, त्यासाठी कुणी फोन करत नाही. आणि पैसे भरायचे ते ई-फायलिंगच्या पोर्टलवर, आपल्या किंवा एजंटच्या लॉगिनमधून. साडेचार हजार म्हणजे साडेचार हजारच कापले जातात, वर १८ टक्के चढत नाहीत. खाजगी सल्लागार आपल्या कामाच्या बिलावर जीएसटी लावू शकतो, तो त्याचा भाग. पण कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआय नंबरवर "सरकारी फी अधिक जीएसटी" मागितली गेली, तर पुढे काही तपासायचीही गरज नाही.

वर्गांचं म्हणाल तर एकूण ४५ आहेत आणि एका वर्गातला अर्ज पूर्णच असतो. काजूगर २९व्या वर्गात येतात, मसाले ३०व्या, फेणी ३३व्या. उद्या त्याच नावाने मसाले काढलेत तर तेव्हा दुसरा अर्ज करा.

"नोंदणीशिवाय नाव वापरणं गुन्हा" हे साफ खोटं. गोव्यातले निम्मे बाजार मग बंद करावे लागतील. नावापुढे टीएम (ट्रेडमार्कचं लघुरूप) लिहायला नोंदणी लागत नाही. नोंदणी होण्याआधी वर्तुळातला आर, म्हणजे नाव नोंदलेलं असल्याची खूण, छापणं मात्र कायद्याला धरून नाही, तेवढं पाळा. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा यातलंच अर्धं ऐकून पूर्ण ठोकून दिलंय.

राहिलं "पैसे परत मिळतात". अर्ज नाकारला गेला तरी खरी सरकारी फीसुद्धा परत मिळत नाही. फोनवाल्याला दिलेले पैसे तर तो काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवतो. म्हणून कुणाचे गेले असतील तर घरचे काय म्हणतील या धास्तीने गप्प बसू नका. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख-वेळ, ज्या नंबरवरून फोन आला तो आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, चॅट डिलीट करू नका. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील, नुसता फोनच आला असेल, तर संचार साथी या दूरसंचार खात्याच्या पोर्टलवरच्या चक्षू सुविधेत तो नंबर कळवता येतो. वहिनींनी तसा तो कळवला. आणि गटातल्या ज्या बाईंनी मेसेज पाठवला होता, त्यांचा स्वतःचाही अर्ज चालू असल्याचं कळल्यावर त्यांच्या अर्जाचं पानही आम्ही त्याच बैठकीत उघडून बघितलं.