अक्कलदाढ काढली म्हणून मासे कशाला सोडायचे?

"दाढ काढल्यावर आठ दिवस नुसती पेज आणि आईस्क्रीम. मासे, अंडी बंद, पू होतो. घरी आल्याबरोबर मिठाच्या गुळण्या सुरू करा. शहाळं स्ट्रॉने प्या, जखमेला लागत नाही. दुखलं तर फेणीची चूळ धरा." असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. त्यात पेज तेवढी बरोबर आहे, तीही अर्धीच.

मुठभर, म्हणजे 30 ग्रॅम उकड्या तांदळाच्या पेजेत प्रथिनं असतात जेमतेम 2 ग्रॅम. 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम लागतात, आणि हिरडी भरून येते ती त्यातूनच. आईस्क्रीमच्या छोट्या कपातही 2-3 ग्रॅमच. पहिल्या दिवशी गार लागतं म्हणून खावं, पण काजू-बदामाचे तुकडे नसलेलं. मधुमेह असेल तर त्यापेक्षा गार दही बरं.

आता मासे. पू जंतूंमुळे होतो, माशामुळे नाही. माशाची खरी अडचण वेगळी आहे: काटा, रव्याचं कडक कवच आणि हुमणातली, म्हणजे माशाच्या आमटीतली, मिरची. म्हणून तारले नकोत, बांगडा नको, तळलेलं काहीच नको. मोरी (लहान शार्क) किंवा चणाकाचा (सी बास) 100 ग्रॅमचा तुकडा घ्या, हळद-मीठ लावून 8-10 मिनिटं वाफवा, कोमट झाला की बोटांनी कुस्करा. मोरीत बारीक काटे नसतात. चणाक असेल तर दोनदा चाचपून बघा. मग मऊ, गुरगुट्या भातात कालवा, वर थोडं तूप. एका बशीत जवळपास 20 ग्रॅम प्रथिनं झाली. हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, दुसऱ्या बाजूने चावत. मासे न खाणाऱ्यांनी 30 ग्रॅम मूगडाळीचं घट्ट वरण (7 ग्रॅम), पेलाभर दूध (6-7 ग्रॅम) असं दिवसभर जोडत जावं. अंडं चालत असेल तर एकात 6 ग्रॅम; ते मऊसर परतून, मिरचीशिवाय.

सोलकढीबद्दल मजकुरात काही नाही, पण विचारतात सगळेच. आमसुलाचा आंबटपणा आणि लसूण-मिरची ओल्या जखमेला झोंबते. चार-पाच दिवस थांबा.

गुळण्यांचा सल्ला मात्र धोक्याचा. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच हाडावरचं झाकण. पहिल्या 24 तासांत खळखळून चूळ भरली, जोरात थुंकलं, की ती निघून येऊ शकते आणि हाड उघडं पडतं. गंमत म्हणजे जखमेला लागू नये म्हणून सांगितलेला स्ट्रॉही तेच करतो, ओढण्याने. शहाळं पेल्यात ओता आणि सावकाश प्या. सिगारेट तर दुहेरी वाईट: ओढही आणि धूरही. दुसऱ्या दिवसापासून एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा तोंडात घ्यायचं, मान हळूच या बाजूला, त्या बाजूला कलवायची आणि पाणी आपोआप गळू द्यायचं.

फेणीची चूळ? दारूने ओली जखम जळते, बाकी काही साधत नाही. शिवाय मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरचं औषध) चालू असेल तर त्यावर दारू टाळायलाच सांगतात.

एक गोष्ट हा मजकूर लिहिणाऱ्याला सुचलीच नाही: भूल उतरेपर्यंत, म्हणजे तीन-चार तास, गरम काही नको. ओठ-जीभ बधिर असते, पोळल्याचं किंवा चावल्याचं कळत नाही. लहान मुलांकडे तर लक्षच ठेवावं लागतं.

पोईचा (गोव्याच्या कोंडा लावलेल्या पावाचा) कोंडा आणि चिवडा-फरसाणाचे कण खड्ड्यात जाऊन बसतात. पाव दुधात भिजवून चालतो, पोईला आठवडाभर थांबा, फरसाणाला दोन.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, त्याने घाबरू नका. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळ कमी होण्याऐवजी कानापर्यंत चढली, तोंडाला घाण वास आला, ताप भरला, तर घरचे उपाय बाजूला ठेवून ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडे जा. ते भेटत नसतील तर गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर थेट मोठ्या इस्पितळातच.