राजांगण नवे असले म्हणून काय झाले

माझा मावसभाऊ गोव्यातल्या फोंडा तालुक्यात घर बांधतो आहे. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले, मधोमध राजांगण म्हणजे वरून उघडा चौक, त्यात तुळशीवृंदावन. आत मात्र मॉड्युलर स्वयंपाकघर, प्रत्येक खोलीला लागून न्हाणीघर, छपरावर सौर तक्ते. यावरून आमच्या गोतावळ्यात दोन तट पडले आहेत. काही म्हणतात, हे जुन्याचे सोंग आहे. काहींना त्यात उत्तर गोव्यातल्या आसगाव-शिवोलीत उठणाऱ्या ‘पोर्तुगीज व्हिला’ दिसतात. मी इंग्लंडमध्ये राहते, आणि या वादात मी भावाच्या बाजूने आहे.

इथे डॉर्चेस्टरला लागून पाउंडबरी नावाची वसाहत आहे. राजे चार्ल्स युवराज असताना डची ऑफ कॉर्नवॉल या युवराजांकडे असणाऱ्या इस्टेटीच्या जमिनीवर १९९३ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले. आराखडा वास्तुरचनाकार लिऑन क्रिअर यांचा. घरे नवी, पण दोनशे वर्षांपूर्वीच्या वळणाची. आधुनिक वास्तुरचनेच्या बाजूच्यांनी तिची भरपूर टिंगल केली. मला तिथल्या दगडी दर्शनी भिंतींपेक्षा दुसरेच काही आवडते. दारे थेट रस्त्यावर उघडतात, दुकान आणि कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर असते. सुमारे ३५ टक्के घरे परवडणाऱ्या दरातली आहेत, आणि ती कोपऱ्यात न ढकलता बाकीच्या घरांत मिसळलेली आहेत. जुन्या गावाचे रूप घेताना तिथल्या लोकांनी शेजारपणही घेतले.

आमच्याकडच्या व्हिलांत नेमके तेच सुटते. बाल्कांव म्हणजे घरापुढची बसायची ओसरी रस्त्याकडे तोंड करून असते, ते जाणाऱ्या-येणाऱ्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून. त्याच बाल्कांवापुढे आता पुरुषभर उंच भिंत, लोखंडी गेट आणि पहारेकरी. संध्याकाळी तिथल्या बाकांवर बसायचे कोणी आणि बोलायचे कोणाशी? राजांगणाच्या जागी पोहण्याचा तलाव येतो. उतरते छप्पर आणि पुढे आलेल्या वळचणी गोव्याच्या वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पावसापासून भिंत वाचवतात, चौक आतली गरम हवा वर सोडतो, शिंपल्यांची तावदाने डोळ्यांना न खुपणारा उजेड देतात. नव्या व्हिलेत काँक्रीटच्या तिरक्या स्लॅबवर कौले नुसती शोभेला बसवलेली असतात, आणि आत एसी दिवसरात्र चालू. जुन्या घराचा चेहरा उचलला, त्याचे काम टाकून दिले, याची मला चीड येते.

आतल्या सोयींवरून मात्र कोणी नाक मुरडू नये. माझी आजी चुलीच्या धुरात आयुष्यभर खोकली. भर पावसात रात्री कंदील घेऊन मागच्या परसात जावे लागायचे, आणि त्या जुन्या घराचे गोडवे गाणारे बहुतेक पुरुषच असतात. चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला भक्कम चौकट असावी आणि स्वयंपाकघरात धूर ओढणारी चिमणीही असावी, यात विसंगत काय आहे?

मला खरी काळजी आहे ती खऱ्या जुन्या घरांची. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आमचा वारसा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण दोन-तीन पिढ्या वाटण्या झाल्या नाहीत की एका घराला वीस-पंचवीस वारस होतात. कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला, कोणी इथे इंग्लंडमधल्या स्विंडनला. दुरुस्ती कोणीच करत नाही. आढे मोडते, मग कोरीव दारे आणि लाकडी खांब विकले जातात आणि कुठल्यातरी नव्या व्हिलेच्या दिवाणखान्यात उभे राहतात. भावाने जुनी दारे स्वस्तात मिळत असूनही घेतली नाहीत, फणसाच्या लाकडाची नवी करून घेतली. मला त्याचे फार बरे वाटले.

‘बाहेरच्यांना घरे विकू नका’ ही गोव्यातली मागणी मला समजते. २०२४ मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात घातलेल्या कलम ३९अ मुळे अर्ज करून जमिनीचा झोन, म्हणजे ठरलेला वापर, बदलून घेण्याची वाट मोकळी झाली. त्याला माझाही विरोध आहे. डोंगर कापून बांधलेली व्हिला कौलारू असो की काचेची, डोंगर गेला तो गेला. पण नुसत्या बंदीवर माझा भरवसा नाही. इथल्याच कॉर्नवॉलमधल्या सेंट आयव्ह्ज या गावाने २०१६ मध्ये सार्वमत घेऊन नवी घरे फक्त कायम राहणाऱ्यांसाठी राखली. मग सुट्टीपुरते घर शोधणाऱ्यांची मागणी तिथल्या जुन्या घरांकडे वळली. गोव्यात तसे झाले तर पहिला घाव वारसांच्या भांडणात अडकलेल्या घरांवरच बसेल.

म्हणून परदेशातल्या गोवेकरांना माझे कळकळीचे सांगणे आहे. भावंडांपैकी जो त्या घरात राहायला आणि कौले चाळायला तयार असेल, त्याला तुमच्या सहीसाठी ताटकळत ठेवू नका. मुखत्यारपत्र इथल्या भारतीय उच्चायुक्तालयाकडून साक्षांकित करून घेता येते. येत्या पावसाच्या आत ते घरी पोचू द्या.