जुनापाणीचे गोटे आणि गुप्तधनवाले

आज सकाळी गावच्या ग्रुपवर एक रील आली अन् डोकंच फिरलं. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळात एक पोट्टा बूट घालून गोट्यावर उभा, अन् सांगून रायला की गोट्यावरचे हे गोल खळगे म्हणजे गुप्तधनाचा नकाशा, मधात खोदा. खाली आपल्याच लोकांचे अंगठे. मास्तर लोकांचे पण!

काटोल रोडनं आपण सारेच जातो ना? तिथं 300 च्या आसपास वर्तुळं आहेत, अडीच हजार वर्षांपूर्वीची. काळ्या दगडाचे मोठाले गोटे गोल मांडलेले, मधात बारीक गोट्यांची भर. 1879 साली रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याबद्दल छापलं, 1961-62 ला पुरातत्त्व खात्यानं खोदून पाहिलं. निघालं काय, तर लोखंडाची हत्यारं अन् काळी-तांबडी मडकी. मेलेल्या माणसासोबत ठेवलेलं सामान ते! नागपूरजवळच्याच माहुरझरीला तर घोडाही पुरलेला सापडला, तांब्याच्या दागिन्यांसकट.

मला राहून राहून गडचिरोलीत भामरागडकडचा तो माडिया आदिवासी म्हातारा आठवते. इलेक्शन ड्युटीवर होतो, रस्त्याच्या कडेला उभे दगड दिसले म्हणून गाडी थांबवली, विचारलं, बाबा, एवढा उंच गोटा काऊन उभा केला? त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, दगडाच्या डोक्यावरची वाळकी पानं झटकली अन् बोलला, "हा माझा बाप." बस.

खळगे सूर्योदयाच्या दिशेशी जुळतात असं खगोलवाले म्हणतात, बरं, असेलही. हद्दीची खूण असेल, टोळीचा मान असेल. पण बापाला माती देताना दिवस कुठून उगवतो हे पाहणारा माणूस त्याच्यावर सोन्याचा पत्ता कायले कोरेल? त्या म्हाताऱ्यासमोर कोणी त्याच्या बापावर बूट घालून चढला असता तर?

स्मारकापासून 100 मीटरच्या आत बांधकाम बंद म्हणून शेजारच्या लोकांना त्रास होतो, मान्य. पण संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड आहे भाऊ, नाहीतर दोन्ही. हे त्या रीलमधी कोण सांगणार?

शिव्याच घालणार होतो त्या पोट्ट्याला. पण वय पाहिलं अन् हात थांबला, विशीचाही नसेल. त्याला सांगितलं कोणी? शाळेच्या सहली शेगावला जातात, रामटेकला जातात, जुनापाणीला कोणती जाते? आपल्या पोरांना पिरॅमिड माहीत आहेत अन् घराजवळची ही थडगी नाही!

मेसेज केला आहे त्याला, रील काढ म्हणून. अजून काढली नाही. ज्यांनी अंगठे दिले त्यांनी निदान आपापले तरी मागं घ्या.