खुलासा: ८.८.८.८ टाकून कंटेनरचं नाव सापडत नाही

'प्रॉक्सीला दुसऱ्या कंटेनरचं नाव सापडत नसेल तर डॉकरचं डीएनएस बिघडलंय, कंपोज फाइलमध्ये ८.८.८.८ टाका' हा सल्ला सध्या सर्रास फिरतोय. तो चुकीचा आहे. (डॉकर ॲप्स 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवतं, कंपोज फाइलमध्ये त्यांची मांडणी लिहितात, प्रॉक्सी आलेल्या विनंत्या ॲपकडे पाठवतो आणि डीएनएस नावावरून आयपी पत्ता शोधून देतं.) तुमच्या कंटेनरचं नाव ८.८.८.८ या गूगलच्या डीएनएस सर्व्हरला ठाऊक असायचं कारणच नाही. ते फक्त डॉकरच्या अंतर्गत डीएनएसला, म्हणजे १२७.०.०.११ ला माहीत असतं, आणि तेही दोन्ही कंटेनर एकाच, आपण बनवलेल्या नेटवर्कवर असतील तरच. डॉकरच्या आपोआप मिळणाऱ्या नेटवर्कवर, म्हणजे डीफॉल्ट ब्रिजवर, नावं सापडतच नाहीत.

बहुतेक वेळा घोळ इथेच असतो: प्रॉक्सी एका कंपोज प्रोजेक्टमध्ये, ॲप दुसऱ्यात. कंपोज प्रत्येकाला वेगळं नेटवर्क देतं. एक सामायिक नेटवर्क बनवून दोन्ही फाइलींत ते 'एक्स्टर्नल' (बाहेर आधीच बनवलेलं) म्हणून जोडा. मग प्रॉक्सीच्या कंटेनरमध्ये शिरून 'गेटएंट होस्ट्स' या कमांडपुढे ॲपचं नाव देऊन बघा. आयपी आला की नावाचा प्रश्न मिटला.

आधी चालत होतं आणि ॲपचा कंटेनर नव्याने उभा केल्यावर ५०२ (प्रॉक्सीला ॲपकडून नीट उत्तर मिळालं नाही, अशी त्रुटी) यायला लागलं, तर प्रकरण निराळं. एनजिनएक्स हा प्रॉक्सी 'प्रॉक्सी पास'मधलं (विनंती कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या ओळीतलं) नाव सुरू होतानाच शोधतो आणि जुनाच आयपी धरून बसतो. रीलोड केलं की तात्पुरतं भागतं. कायमचं हवं तर 'रिझॉल्व्हर'ला (नाव कुठे शोधायचं ते सांगणाऱ्या ओळीला) १२७.०.०.११ द्या, सापडलेल्या आयपीची मुदत १० सेकंद ठेवा आणि 'प्रॉक्सी पास'मध्ये नाव व्हेरिएबलमधून द्या. नुसती रिझॉल्व्हरची ओळ पुरत नाही. मात्र व्हेरिएबल वापरल्यावर पुढे जाणारा पाथ बदलू शकतो, तेवढा तपासाच.