ब्रश धुवायचा की टाकायचा? ठाण्याच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका नमस्कार. विमानांच्या मॉडेलवर इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून बनणारा गोंद) लावायचे ब्रश धुऊ नका, वापरून फेका, असं मी जे लिहिलं त्यावर तुम्ही चांगलंच झापलंय, तर आधी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशावरून चाललंय. तुम्ही म्हणता की "वापरा आणि फेका" ही आम्ही पोरांनी तिकडचे व्हिडिओ बघून उचललेली सवय आहे, तुम्ही एनसीसीच्या एअर विंगमध्ये मॉडेलं बनवायचात तेव्हा एकच चांगला ब्रश थिनरमध्ये धुऊन वर्षानुवर्षं वापरलात. शिवाय स्वस्तातल्या ब्रशचे केस गळून फिनिशची वाट लागते. आणि ज्याला ब्रश धुवायचा कंटाळा त्याने मॉडेलच्या नादी लागू नये. शेवटचं वाक्य सोडून देतो, वडीलधाऱ्यांना तेवढा हक्क आहे :) बाकीच्यावर लिहितो.

काका, तुमचा तो ब्रश बुडायचा कशात? डोपमध्ये. बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) सांगाड्यावर टिश्यू, म्हणजे पातळ कागद, चढवायचा, पाण्याचा हलका फवारा मारून ताणून घ्यायचा आणि मग डोपचे हात. आता डोप म्हणजे काय, तर थिनरमध्ये विरघळवलेलं नायट्रोसेल्युलोज. थिनर उडून गेला की मागे पातळ पापुद्रा राहतो, संपलं, त्यात रासायनिक असं काही घडतच नाही. म्हणून तुमचा ब्रश विसरून कडक झाला तरी थिनरच्या डबीत रात्रभर ठेवला की सकाळी परत मऊ. तुमचा अनुभव शंभर टक्के खरा आहे, फक्त तो डोपचा आहे. इपॉक्सी वाळत नाही, ती सेट होते. रेझिन आणि हार्डनर एकमेकांत गुंतून त्याचं एक सलग जाळं तयार होतं आणि ते एकदा झालं की थिनर घाला, ॲसिटोन घाला, पेट्रोल घाला, फार तर वरून थोडी फुगेल पण विरघळून परत पातळ काही होत नाही. म्हणजे ब्रश धुवायचा तर सेट व्हायच्या आधीच धुवायला पाहिजे, नंतर नाही.

आणि इथेच सगळी गोची आहे. पाच मिनिटवाली इपॉक्सी घ्या. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ती पाच मिनिटं टिकते का? अंदाज असा की तापमान १० अंशांनी वाढलं की सेट व्हायचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे ट्यूबवर लिहिलेली वेळ ही थंड खोलीतली समजायची. त्यात मिक्स करण्यात मिनिटभर गेलं, प्लायच्या फायरवॉलला (पुढची फळी, जिच्यावर मोटर बसते) चारी बाजूंनी लावण्यात अजून एक, आणि मग दोन्ही हातांनी तो फायरवॉल काटकोनात धरून बसायचंय कारण तिथे अर्धा अंश हलला तर मोटरचा थ्रस्ट वाकडा आणि विमान पहिल्या टेकऑफलाच आपल्याला शिकवतं. आता या सगळ्यात ब्रश कोण धुणार? घरात दुसरं कोणी रिकामं असेल तर गोष्ट वेगळी, आमच्याकडे नसतं.

बरं ३० मिनिटवाली घेतली, किंवा कापड मारायला (विंगवर फायबरग्लासचं कापड चिकटवायला) लॅमिनेटिंग रेझिन, म्हणजे पातळ इपॉक्सी, घेतलं, तर वेळ असतो हे मान्य. मग धुऊन बघा. वरवरची इपॉक्सी लगेच निघते, पण केसांच्या मुळाशी, ते पत्र्याच्या पट्टीत जिथे घुसतात तिथे, जी आत शिरलेली असते ती एका धुण्यात निघत नाही, दोन-तीन वेळा ताजं ॲसिटोन लागतं. १०-२० रुपयांच्या ब्रशसाठी तेवढं ॲसिटोन ओतायचं हा हिशोब मला कधीच जमलेला नाही. आणि ते वापरलेलं ॲसिटोन टाकणार कुठे? मोरीत? अर्धवट इपॉक्सी मिसळलेलं ते पाणी... पाणी कसलं, विषच, ते ड्रेनेजमध्ये जाण्यापेक्षा पूर्ण सेट झालेला एक ब्रश कचऱ्यात गेलेला परवडला, कारण सेट झालेली इपॉक्सी पडून राहते, झिरपत नाही. पर्यावरणाचा मुद्दा तुम्ही सरळ काढला नाहीत पण "फेका"वरचा राग तोच असावा म्हणून लिहिलं. शिवाय ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफा पेटू शकतात तो) उणे २० सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे बारा महिने त्याच्या वाफा पेट घ्यायला तयार, आणि बरेच जण हे काम करतात बंद बाल्कनीत, शेजारी सोल्डरिंग आयर्न चालू.

व्हिनेगरचं कोणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगतो, ओली इपॉक्सी कटरवरून, स्पॅच्युलावरून पुसायला ते उत्तम. ब्रशला नको, आत पाणी राहतं.

अजून एक गोष्ट जी थर्माकोलची विंग करणाऱ्यांनी तरी लक्षात ठेवावी. धुतलेल्या ब्रशच्या मुळाशी थिनर किंवा ॲसिटोन थोडंफार राहतंच, वरून कोरडा वाटला तरी. तो ब्रश परत इपॉक्सीत बुडवून फोम कोअरवर (विंगच्या थर्माकोलच्या गाभ्यावर) फिरवला की इपॉक्सी थर्माकोलला काही करत नाही पण ते राहिलेलं ॲसिटोन त्याला खातं, आणि विंगवर नेमका लीडिंग एजला, म्हणजे पुढच्या कडेला, खड्डा. डेप्रॉनच्या फोम शीटचंही तेच, तेही पॉलिस्टायरीनच. आणि बाल्सावर खड्डा नाही पडला तरी रेझिनमध्ये थिनर-ॲसिटोन गेलं की ती हवी तशी कडक होत नाही, चिवट राहते, सँडिंग करताना कळतं.

आता हातांबद्दल, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ब्रश धुताना माणूस काय करतो, बोटांनी केस चोळतो, हातमोजे असतात-नसतात. हार्डनरमधली अमाइन्स नावाची रसायनं आणि स्वतः रेझिनही, यांची ॲलर्जी अशी असते की वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एक दिवस मनगटावर पुरळ, पापण्या सुजलेल्या, आणि ती एकदा लागली की सहसा जन्माची सोबत, नंतर नुसत्या थोड्या संपर्कानेही त्रास. थिनरने हात धुणं तर त्याहून वाईट कारण थिनर कातडीवरचं तेल काढून टाकतो आणि इपॉक्सीला आत जायला वाट करून देतो. हाताला लागलीच तर आधी कोरड्या टिश्यूने पुसा, मग साबण-पाणी. हातमोजे नायट्राइल रबराचे. काका तुम्हाला आजवर काही झालं नसेल तर चांगलंच आहे, पण नवीन पोरांना मी धुवायला सांगणार नाही.

केस गळण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, गळतात. रंगाच्या दुकानात मिळणारा साधा १ इंची पांढऱ्या केसांचा ब्रश घेतला तर पहिल्या फटक्यात चार-पाच केस फायबर कापडात बसलेले दिसतात. पण त्यावर सोपा इलाज आहे. आधी तळहातावर जोरात झटका, मग केस चिमटीत धरून ओढा, मग मास्किंग टेपच्या चिकट बाजूवर दोन-तीनदा दाबा, आणि शेवटी पत्र्याच्या कडेला, केसांच्या मुळाशी, पातळ सुपरग्लूचे दोन-तीन थेंब सोडा, दोन्ही बाजूंनी. ते आत झिरपून केस धरून ठेवतं. मग कात्रीने केस निम्मे करा. लांब केसांचा ब्रश इपॉक्सी नुसती पितो आणि वाकतो, आखूड केसांचा कडक होतो आणि कापडावर टोचून टोचून हवा काढायला तोच लागतो, ओढून रंग मारल्यासारखं केलं की कापड सरकतं. बारीक कामाला पत्र्याच्या नळीच्या दांड्याचा फ्लक्स ब्रश (सोल्डरिंगचा फ्लक्स लावायचा छोटा ब्रश) मिळाला तर सगळ्यात भारी, त्याची नळी पक्कडीने केसांजवळ एकदा दाबून घ्यायची.

आणि खरं सांगायचं तर ब्रश वाचवायचा उपाय धुणं नाही, ब्रश कमी वापरणं आहे. फायरवॉल, विंग जॉइंट, सर्व्होचे (कंट्रोल हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) ब्लॉक, इथे ब्रश कशाला, आइस्क्रीमची काडी तिरकी कापली की झालं. कापड मारताना मोठ्या सपाट जागेवर जुनं एटीएम कार्ड, ब्रश फक्त कडेला आणि विंगच्या टोकाला. कार्डाने वजनही वाचतं, २५ जीएसएमचं (चौरस मीटरला २५ ग्रॅम) कापड एखाद्या मध्यम विंगला दोन्ही बाजूंनी मिळून १५ ग्रॅमच्या आसपास लागतं, त्यावर रेझिनही साधारण तेवढंच बसायला हवं, ब्रशने थापत बसलात तर त्याच्या दुप्पट-तिप्पट जातं आणि ते वजन हवेत घेऊन जायचं असतं. जास्तीचं रेझिन टिश्यू पेपरच्या रोलने टिपून घ्या. रेझिन वजनानेच मोजा, कॉलेजातली पोरं एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर वापरतात त्यात वजनाने १०० रेझिनला १० हार्डनर असतो, तो डोळ्याने ओतायचा प्रकार नाही.

एकाच दिवसात दोन-तीन हात द्यायचे असतील तर ब्रश प्लास्टिकमध्ये गुंडाळून थंड जागी ठेवता येतो, सेट व्हायचा वेग कमी होतो. फ्रीज वापरू नका, त्यात जेवण असतं. आणि उरलेली इपॉक्सी कपात तशीच जाड थरात सोडू नका, आपली आपण तापते, कप वितळून धूर निघू शकतो, जुन्या पत्र्यावर पसरून सेट होऊ द्या आणि ब्रशही त्याच पत्र्यावर ठेवा, कडक झाल्यावरच कचऱ्यात.

डोपचा, एनॅमलचा, वॉटरकलरचा ब्रश मीही धुतो हं, चांगला सेबलचा ब्रश टाकणारा माणूस मला बघवत नाही. तो इपॉक्सीत बुडवणारा तर त्याहून नाही.

तुम्ही शेवटी विचारलंत की एवढे ब्रश आणता कुठून. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला बघा, डझनाने स्वस्त पडतात. पण डझन घ्यायच्या आधी एकच सुटा मागून दुकानातच केस ओढून बघा, हातात झुपकाच आला तर पुढचं दुकान.