गाडीतला सैल आरसा आणि फेविक्विकचे चार थेंब

गाडीच्या आतला, पुढच्या काचेच्या मध्यभागी असलेला आरसा सैल होऊन खाली लवू लागला किंवा चक्क हातात आला तर काय करावे, याविषयीचा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि छोट्या चित्रफितींतून सर्रास फिरत असतो. थोड्याफार फरकाने त्याचा मजकूर असा असतो: ‘आरसा सैल झाला म्हणजे गोंद सुटला. गॅरेजमध्ये जाऊ नका, ते काचच बदलायला लावतात. फेविक्विकचे चार थेंब टाका, वर चिमूटभर खायचा सोडा भुरभुरा आणि दोन मिनिटे दाबून धरा. आरसा जन्मात हलणार नाही. आणि हे जमले नाही तरी बाजूचे दोन आरसे आहेतच.’ यातले गॅरेजविषयीचे वाक्य अर्धे खरे आहे. बाकीची टिकत नाहीत.

सगळा घोळ पहिल्या वाक्यापासून सुरू होतो. सैल झाला म्हणजे गोंद सुटला, हे गृहीतच चुकीचे आहे, कारण आरसा गाडीला जोडलेला असतो तो एका नव्हे, दोन-तीन सांध्यांनी, आणि त्यांपैकी कोणताही ढिला होऊ शकतो. तो कोणता, हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. एका हाताने आरशाचा दांडा घट्ट धरावा आणि दुसऱ्या हाताने आरसा हलवावा. दांडा स्थिर राहून आरसाच डोलत असेल, तर दोष त्यामागच्या बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे आरसा हवा तसा फिरवू देणाऱ्या गोल सांध्यात आहे. दांडाच हलत असेल, तर गाडीबाहेर येऊन काचेतून पाहावे. काचेला चिकटवलेली धातूची छोटी चकती तिथून दिसते. आत कोणाला तरी दांडा हलवायला सांगावे. चकती जागच्या जागी आणि दांडा हलतो आहे, असे दिसले तर दांडा चकतीवर आवळणारा बारीक स्क्रू ढिला झाला आहे. चकतीच सरकत असेल किंवा निखळली असेल, तेवढ्या एकाच प्रसंगी गोंदाचा प्रश्न येतो. शिवाय आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत आरसा काचेवर नसतोच, तो छताच्या पुढच्या कडेला स्क्रूंनी बसवलेला असतो. तिथले प्लास्टिकचे झाकण नखाने उचकटले की स्क्रू दिसतात आणि साध्या स्क्रूड्रायव्हरने आवळता येतात. तिथे गोंद ओतणे म्हणजे पुढच्या वेळी स्क्रू निघणार नाहीत आणि छताचे अस्तर डागाळेल, याची सोय करून ठेवणे होय.

चकतीवरचा स्क्रू आवळायला बारीक अ‍ॅलन की किंवा स्टारचा पाना लागतो. तो बसेपर्यंतच आवळावा. अंगातला सगळा जोर लावला तर चकती उखडते किंवा काचेला तडा जातो. बॉल जॉइंटचे मात्र दोन प्रकार असतात. काही आरशांत ताण वाढवायला स्क्रू दिलेला असतो, तर काहींत आत स्प्रिंग आणि प्लास्टिकची वाटी असते, आणि ती झिजली की आरसाच बदलावा लागतो. त्या सांध्यात फेविक्विक सोडले की आरसा एकाच कोनात कायमचा अडकतो, मग घरातल्या दुसऱ्या कोणी गाडी चालवायला घेतली की त्याला मागच्या काचेऐवजी मागची सीट दिसते. आरशाला मण्यांच्या माळा आणि छोट्या मूर्ती लटकवण्याची आपल्याकडची हौस या सांध्याला फार महागात पडते, पण तो विषय काढला की घरोघरी वाद होतात.

आता चकती खरोखरच निखळली आहे, असे धरून चालू. फेविक्विक आणि त्याच्या जातीचे सगळे झटपट गोंद सायनोअ‍ॅक्रिलेट या रसायनाचे असतात आणि ते पृष्ठभागावरच्या ओलाव्याच्या अंशाने घट्ट होतात. काचेवर असा ओलावा नेहमीच असतो, त्यामुळे तिथे ते क्षणार्धात धरतात, आणि नेमका हाच क्षण चित्रफितीत दाखवलेला असतो. त्यानंतरच्या महिन्यांत काय होते ते चित्रफितीत येत नाही. या गोंदाचा वाळलेला थर कडक आणि ठिसूळ असतो. सरळ ओढ तो चांगली सोसतो, पण हिसका आणि कडेकडून सोलणारा ताण त्याला मानवत नाही. आरशाचे वजन तर काचेपासून दूर, दांड्याच्या टोकाला असते. म्हणजे चकतीची वरची कड सतत काचेपासून सोलली जात असते आणि प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक गतिरोधकाला तिथेच हिसका बसतो.

त्यात उन्हाची भर पडते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीत काचेजवळचे भाग बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतात, आणि साध्या सायनोअ‍ॅक्रिलेटची सहनशक्ती 80 अंशांच्या आसपास संपते. धातू आणि काच सारख्या प्रमाणात प्रसरणही पावत नाहीत. चकती जस्ताच्या मिश्रधातूची असेल, तर ती काचेच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते. दोन सेंटिमीटरच्या चकतीत 50 अंशांच्या फरकाने पडणारी तफावत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढीच असते, हे खरे. परंतु गोंदाचा थरही साधारण तेवढाच पातळ असतो आणि त्याच्यात लवचिकपणा नावालाही नसतो. दिवसा ताण, रात्री ढील, असे रोज होत राहिले की थर कडेने तडकत जातो.

सोड्याची युक्ती खोटी नाही, ती चुकीच्या जागी वापरलेली आहे. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे हा गोंद त्याच्या संपर्कात तत्काळ कडक होतो, आणि तुटलेल्या प्लास्टिकमधली फट बुजवायला तो कडक गोळा उपयोगी पडतो. इथे मात्र बुजवायची फटच नाही. चकती काचेवर पूर्ण सपाट टेकली पाहिजे, आणि मध्ये सोड्याचे खडबडीत कण आले की ती टेकतच नाही. ‘चार थेंब’ हाही उलटा सल्ला आहे, कारण अशा जोडणीत जाड थर पातळ थरापेक्षा कमकुवत ठरतो. शिवाय या गोंदाच्या वाफेने आसपासच्या काचेवर पांढुरका धुरकट थर धरतो, तो नेमका चालकाच्या नजरेच्या टप्प्यात. तो काढायला अ‍ॅसिटोन वापरले आणि त्याचे थेंब डॅशबोर्डवर पडले, की प्लास्टिकचीही वाट लागते. एम-सीलसारखे इपॉक्सी लावण्याचा सल्लाही काही जण देतात. तो गोंद सुटत नाही हे खरे, पण तो इतका ताठर असतो की प्रसंगी सांध्याऐवजी काचेचाच टवका निघतो.

या कामासाठी वेगळा गोंद मिळतो. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात किंवा ऑनलाइन, आरसा चिकटवण्याचा संच म्हणून तो मागावा. त्यात अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे गोंद घट्ट व्हायला लावणारे द्रव, आणि अ‍ॅक्रिलिक गोंद असे दोन भाग असतात. चकतीची जागा बाहेरच्या बाजूने काचेवर मार्करने आखून घ्यावी. आतला जुना थर ब्लेडने खरवडावा, चकती बारीक पॉलिश पेपरवर घासावी आणि दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मग तिथे बोट लावू नये. काच सावलीत आणि कोरडी असावी. अ‍ॅक्टिव्हेटर लावून तो वाळला की गोंदाचा एकच थेंब चकतीवर घ्यावा आणि ती काचेवर मिनिटभर न हलवता दाबावी. चकती निमुळती असेल तर बहुधा अरुंद बाजू वर येते, कारण दांडा वरून खाली सरकवून बसवायचा असतो. उलटी चिकटवली तर सगळे पुन्हा करावे लागते. पाकिटावर पंधरा-वीस मिनिटे लिहिलेली असली तरी आरसा दुसऱ्या दिवशी सकाळी चढवावा. घाई करण्यासारखे इथे काहीच नसते.

‘जन्मात हलणार नाही’ हे आश्वासन मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण आरसा मुळात सुटावा किंवा मुडपावा अशाच बेताने बनवलेला असतो. अपघातात चालकाचे किंवा शेजारी बसलेल्याचे डोके त्यावर आदळू शकते. वाहनांच्या आरशांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 46 क्रमांकाच्या विनियमात यासाठी लोलकाने आघात करून पाहण्याची चाचणी आहे, आणि आरशाचा आधार तुटलाच, तर मागे उरलेला भाग, आरसा ज्यावर बसवलेला असतो त्या तळापासून एक सेंटिमीटरहून अधिक पुढे आलेला चालत नाही. सगळे सांधे गोंदाने एकजीव करून टाकले की ही सोय आपणच मोडीत काढतो.

गॅरेजवाल्यांवरचा आरोप अर्धा खरा कसा, तेही पाहू. केवळ चकती निखळली म्हणून कोणी पूर्ण काच बदलायला सांगत असेल, तर दुसऱ्या मेस्त्रीकडे जावे. मात्र काचेला तडा गेला असेल, तर तो सल्ला योग्य असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 नुसार पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लागते, आणि चालकाच्या नजरेसमोर आलेला लांब तडा बुजवून भागत नाही. ती काच विम्यातून घेतली, तर वेगळे संरक्षण घेतलेले नसल्यास नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो 20 ते 50 टक्क्यांपर्यंत असतो, तेव्हा फुकटातला उपाय किती रुपयांना पडला, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. ज्या नव्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर आहे, त्यांत तर घरी काही करूच नये. कॅमेऱ्याचा कोन किंचित ढळला तरी तो पुन्हा जुळवावा लागतो आणि ते घरी होणारे काम नव्हे.

राहिले बाजूचे दोन आरसे. ते बहुधा बहिर्वक्र असतात, त्यामुळे त्यांत मागची वाहने लहान आणि म्हणून दूर दिसतात. आतला आरसा सपाट असतो आणि अंतराचा खरा अंदाज तोच देतो. वर सांगितलेल्या विनियमाप्रमाणे चालकाच्या डोळ्यांपासून 60 मीटर मागे, रस्त्याचा किमान 20 मीटर रुंद पट्टा त्यात दिसला पाहिजे. सैल आरसा मात्र नसल्यापेक्षाही वाईट ठरू शकतो. आरसा एक अंश फिरला की प्रतिबिंबाची दिशा दोन अंशांनी बदलते, म्हणजे 50 मीटर मागे पावणेदोन मीटरचा फरक पडतो, आणि हा आपल्याकडच्या साडेतीन मीटरच्या लेनचा बरोबर निम्मा भाग आहे. म्हणून आरसा नीट बसेपर्यंत गाडी बाहेर काढावीच लागली तर महामार्ग टाळावा, आणि लेन बदलताना बाजूच्या आरशात दिसणारे वाहन दिसते त्याहून जवळ आहे असेच धरून चालावे.